काशीबाई : सिनेमातल्या, मालिकेतल्या आणि कागदातल्या



आज विषय जरा वेगळा घेते आहे. ‘बाजीराव मस्तानी’ हा सिनेमा १८ डिसेंबर २०१५ ला आला. आमच्या फुलसावंगीसारख्या गावात तो बहुतेक जणींनी नंतर टीव्हीवर नाहीतर मोबाईलवर पाहिला. तेव्हापासून कुठल्याही लग्नाच्या संगीतात ‘पिंगा’ लागतो, दोन मुली नऊवारी नेसून नाचतात, एक काशीबाई होते आणि दुसरी मस्तानी. नाच छान होतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या मुलींना विचारले की काशीबाई कोण होत्या, तर उत्तर येते, “बाजीरावाची पहिली बायको, जिने मस्तानीला स्वीकारले.” एवढेच. या बाईंचे अख्खे आयुष्य या एका ओळीत संपते. ते खरे किती आणि रंगवलेले किती, हे आज पाहू.

कॉमर्स शिकताना आमच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसवली होती. पावती नसेल तर नोंद नाही. हिशेब बरोबर दिसतो म्हणून तो खरा होत नाही. काशीबाईंच्या बाबतीत मी हीच पद्धत वापरते. ज्याला कागदाचा किंवा इतिहासकारांच्या अभ्यासाचा आधार आहे ते एका बाजूला आणि लेखकाने कल्पनेने भरले ते दुसऱ्या बाजूला.

आधी आधाराची बाजू.

काशीबाई चासच्या. चास हे गाव पुणे जिल्ह्यात, राजगुरुनगरजवळ, भीमेच्या काठी. चासकमान धरणामुळे आज हे नाव बऱ्याच जणींनी ऐकले असेल. त्यांचे वडील महादजी कृष्ण जोशी हे मोठे सावकार. शाहू महाराजांना अडचणीच्या काळात त्यांनी मदत केली होती. माहेरी काशीबाईंना लाडूबाई म्हणत. म्हणजे पैसा, पेढी, देणे-घेणे यांच्या घरात वाढलेली मुलगी. आपल्या समाजातल्या बऱ्याच जणींना हे माहेर ओळखीचे वाटेल.

सासर भट घराण्याचे. तिथे सासूबाई राधाबाई, दीर चिमाजीअप्पा, नणंदा, भाचरे, कारकून, पागा आणि रोजचा राबता. नवरा पेशवा. इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. पेशवा म्हणजे राजा नव्हे. राजे साताऱ्याला होते, छत्रपती शाहू महाराज. पेशवे त्यांचे प्रधान. त्यामुळे काशीबाईंना राणी म्हणणे सिनेमापुरते ठीक आहे, पण त्या प्रधानाच्या घरच्या थोरल्या सूनबाई होत्या.

बाजीराव घरी किती असत? १७२८ ला पालखेडची मोहीम, १७२९ ला बुंदेलखंडात छत्रसालाच्या मदतीला, १७३१ ला डभोईची लढाई, १७३७ ला दिल्लीपर्यंत धडक आणि त्याच वर्षाच्या शेवटी भोपाळ. प्रवासाची, मुक्कामाची वर्षे धरली तर घरच्या वाट्याला पावसाळ्यातले काही महिने येत असावेत. मोठा मुलगा बाळाजी, म्हणजे नानासाहेब, डिसेंबर १७२० मध्ये जन्मला. रघुनाथराव १७३४ मध्ये. रामचंद्र आणि जनार्दन ही आणखी दोन मुले, पण ती तरुण वयापर्यंत पोहोचली नाहीत. चार बाळंतपणे आणि दोन मुलांचा वियोग, हा त्यांचा हिशेब. त्यातच १७३० साली जाऊबाई रखमाबाई तान्ह्या सदाशिवला मागे ठेवून गेल्या. तेच पुढे पानिपतचे सदाशिवराव भाऊ. आजी राधाबाईंनी त्यांना वाढवले. अशा घरात थोरल्या सुनेला रिकामा वेळ मिळत असेल असे वाटत नाही.

आणि एक महत्त्वाची गोष्ट. काशीबाईंना पायाचे दुखणे होते. चालताना त्रास होई. आपल्यापैकी ज्यांचे गुडघे गेले आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको.

आता ‘पिंगा’कडे येऊ. सिनेमा येण्याआधीच, नोव्हेंबर २०१५ मध्ये, पेशव्यांच्या वंशजांनी या गाण्याला हरकत घेतली होती. अनेकांना वाटले की बायकांनी नाचण्यालाच त्यांचा विरोध आहे. तसे नाही. पिंगा हा मंगळागौरीचा खेळ. घरातल्या बायका माजघरात, एकमेकींबरोबर खेळतात. आपल्या विदर्भात भुलाबाईची गाणी म्हणताना मुली टिपऱ्या घेऊन फेर धरतात, त्याच जातीचा. तेव्हा काशीबाई कधी पिंगा खेळल्याच नसतील असे कोणी म्हणू नये. लहानपणी चासला खेळल्याही असतील. हरकत होती ती नाचाच्या ढंगाला आणि नेसण्याच्या तऱ्हेला. घरचा खेळ सिनेमात लावणीसारखा बसवला आहे. आणि ज्या वयात, ज्या घरात आणि ज्या बाईबरोबर तो दाखवला आहे, ते जुळत नाही. पायाने अधू होत चाललेली, घरची थोरली सून सवतीबरोबर सगळ्यांसमोर ठेका धरून नाचते, याला पावती नाही.

मस्तानींबद्दल बोलायचे तर त्या छत्रसालाच्या कन्या की दरबारातल्या नर्तकी, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. १७२९ च्या बुंदेलखंड स्वारीनंतर त्या बाजीरावांच्या आयुष्यात आल्या, त्यांचे वास्तव्य पुण्यात होते आणि १७३४ मध्ये त्यांना मुलगा झाला, तो समशेर बहादूर. हे मात्र सर्वमान्य आहे. म्हणजे एकाच वर्षी काशीबाईंना रघुनाथराव आणि मस्तानींना समशेर. सिनेमाने हा योग उचलला आहे आणि तो खरा आहे. हे श्रेय त्याला द्यायला हवे.

वाडा मात्र खरा नाही. शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० ला घातला गेला आणि १७३२ मध्ये वास्तुशांत झाली. खर्च १६,११० रुपये सांगतात. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती, पण त्यात सिनेमातला आरशांचा झगमगता महाल बसत नाही. वाड्यात पुढे भर पडत गेली आणि १८२८ च्या आगीत आतले जवळजवळ सगळे जळाले. मस्तानींच्या कोथरूडच्या महालाचे अवशेष पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात नेऊन जसेच्या तसे उभे केले आहेत. पुण्याला गेलात तर जरूर पाहा. लाकडी खांब आणि महिरपी सुंदर आहेत, पण तो माणसांनी राहायचा दिवाणखाना वाटतो, नाटकाचा रंगमंच नव्हे.

सिनेमाच्या आधी कादंबरी होती, ना. सं. इनामदारांची ‘राऊ’, १९७२ ची. सिनेमा तिच्यावरच आधारलेला आहे. नावावरूनच कळते की गोष्ट कोणाची. राऊ म्हणजे बाजीराव. कादंबरीचा गाभा बाजीराव-मस्तानी आहे आणि काशीबाई कडेला उभ्या आहेत. कादंबरीकाराला तो अधिकार आहे, एका पुस्तकात सगळ्यांना मध्यभागी बसवता येत नाही. पण कादंबरीवरून सिनेमा, सिनेमावरून गाणे आणि गाण्यावरून संगीतातला नाच, असे होत होत आधीच कडेला असलेली बाई शेवटी एका नऊवारीपुरती उरली.

पुढे २०२१ मध्ये झी टीव्हीवर ‘काशीबाई बाजीराव बल्लाळ’ ही मालिका आली. त्यात पहिल्यांदा त्यांचे नाव शीर्षकात पुढे आले, याचा मला आनंद झाला. सावकाराची लाडावलेली मुलगी पेशव्यांच्या शिस्तीच्या घरात येते, अशी सुरुवात. श्रीमंत माहेर, लाडूबाई हे नाव, कडक सासूबाई, हा सांगाडा आधाराच्या बाजूचा. मधले रोजचे रुसवे-फुगवे, कटकारस्थाने आणि दर भागाच्या शेवटी धक्का, हे मालिकेचे. लहानपणच्या काशीबाई कशा बोलत, कशावर हट्ट धरत, याची कुठे नोंद असणार? ते लिहिणाऱ्याने भरले. भरायला हरकत नाही. बघताना आपल्या ते लक्षात राहिले पाहिजे.

राधाबाईंवर तर सिनेमात फारच अन्याय झाला आहे. तिथे त्या फक्त कठोर सासू आहेत. खऱ्या राधाबाई १७३५ मध्ये काशीयात्रेला निघाल्या तेव्हा वाटेत राजपूत दरबारांनी त्यांचा मान राखला. मुलाच्या शत्रूंच्या मुलखातूनही त्या सुखरूप गेल्या-आल्या. पतीमागे घर सांभाळणारी, राजकारण जाणणारी ही बाई होती. मस्तानीप्रकरणी घरचे विरोधात होते हे खरे. १७४० च्या सुरुवातीला रघुनाथरावांची मुंज आणि सदाशिवरावांचे लग्न होते, आणि त्या कार्यांवरून ब्राह्मणांच्या बहिष्काराची भीती होती. बाजीराव नासिरजंगावर मोहिमेत असताना मस्तानींना अटकेत ठेवले गेले. त्यात चिमाजीअप्पा आणि नानासाहेब यांचा हात होता. म्हणजे हा निर्णय एकट्या सासूबाईंच्या रागाचा नव्हता. घरातले कर्ते पुरुष त्यात पुढे होते. पडद्यावर मात्र दोष बाईच्या माथी जास्त जातो, आणि गोष्ट ‘सासू विरुद्ध सून’ अशी होऊन बसते.

आता मूळ मुद्द्यावर येते. काशीबाईंनी मस्तानींना मनापासून स्वीकारले का? त्यांचा द्वेष केला का? रडल्या का? काशीबाईंच्या मनातले सांगणारा कागद समोर नाही. सिनेमातल्या काशीबाई आधी दुखावतात, मग मोठ्या मनाने सवतीला मान देतात. हे पाहून आपण डोळे पुसतो. पण हा मोठेपणा गोष्टीला हवा होता. काशीबाईंनी माफ केले म्हणजे प्रेक्षकालाही बाजीरावांना माफ करणे सोपे जाते. आणि मग तोच मोठेपणा आपल्या घरात उदाहरण म्हणून येतो. “बघ, काशीबाईंनी किती सोसले, तू एवढ्याशावरून माहेरी फोन करतेस?” असे एखाद्या सुनेला ऐकवले जाते. मी असे बोलणे कानांनी ऐकले आहे. ज्या सोसण्याला पावतीच नाही, त्याचा दाखला देऊन कोणा मुलीला गप्प बसवायचे, हे मला पटत नाही. प्रतिक्रमणात आपण अठरा पापस्थानके म्हणतो. त्यात मृषावाद आहे, तसेच अभ्याख्यानही आहे, म्हणजे दुसऱ्यावर नसलेली गोष्ट लादणे. ते दोषाचे असते हे आपण जाणतो. नसलेला गुण लादून त्याचा धाक दुसरीला घालणेही मला त्याच्या जवळचे वाटते.

मनाचा कागद नसला तरी काशीबाईंच्या कृतीची नोंद आहे, आणि ती सिनेमापेक्षा मोठी आहे. २८ एप्रिल १७४० ला नर्मदेकाठी रावेरखेडी इथे बाजीराव तापाने गेले, तेव्हा काशीबाई छोट्या जनार्दनला घेऊन तिथे होत्या. शेवटी पतीजवळ असण्याचा हा भाग सिनेमातही आहे आणि तो खऱ्याच्या जवळ जातो. थोड्याच काळात मस्तानी गेल्या. त्यांची समाधी पाबळला आहे. डिसेंबरमध्ये चिमाजीअप्पा गेले आणि त्यांच्या पत्नी अन्नपूर्णाबाई सती गेल्या. एका वर्षात एका घरातून इतकी माणसे गेली. काशीबाई सती गेल्या नाहीत. त्यांच्या पदरात लहान मुले होती, आणि आता त्यांत सहा वर्षांचा पोरका समशेरही होता.

त्या समशेरला पेशव्यांच्या घरात काशीबाईंच्या मायेखाली वाढवले गेले, रघुनाथरावांच्या बरोबरीने. ब्राह्मण घरात त्याची मुंज होऊ शकली नाही, पण तो तलवारीत आणि कारभारात तयार झाला, त्याला बुंदेलखंडातली जहागीर मिळाली. १७६१ ला पानिपतात भावांच्या बाजूने लढताना तो जखमी झाला आणि डीग इथे वारला. बांद्याच्या नबाबांचे घराणे त्याचेच. सवत जिवंत असताना तिच्याबरोबर नाचल्याचा पुरावा नाही, पण सवत गेल्यावर तिचे मूल आपल्या घरात वाढल्याचा आहे. मग सिनेमाचा शेवट मस्तानींच्या मरणाबरोबर का होतो? काशीबाईंच्या आयुष्याची पुढची अठरा वर्षे त्यानंतर सुरू होतात.

त्या वर्षांत त्यांनी काशीयात्रा केली, मोठ्या लवाजम्यासह. पायाच्या त्या दुखण्यासह, हे विसरू नका. १७४९ मध्ये माहेरी चासला सोमेश्वराचे देऊळ बांधले. ते आजही उभे आहे, त्याची दीपमाळ पाहायला लोक जातात. सासरच्या वाड्याला आग लागली, नवऱ्याची राजधानी गेली, पण माहेरच्या गावात या बाईने उभे केलेले दगड टिकले. १७५८ मध्ये त्या वारल्या. पानिपताचा घाव त्यांना बघावा लागला नाही.

तर मैत्रिणींनो, सिनेमा बघू नका असे मी म्हणत नाही. मुलींना पिंगाही नाचू द्या. फक्त नाच झाल्यावर त्यांना जवळ बसवून चार गोष्टी सांगा. काशीबाई सावकाराची मुलगी होती, तिचे पाय दुखत, तिने दोन मुले गमावली, दुसरीचे मूल आपल्या घरात वाढवले आणि गावात एक देऊळ बांधले. आणि हेही सांगा की तिला काय वाटत होते ते तिने लिहून ठेवलेले नाही, म्हणून तिच्या नावावर कोणी तुम्हाला सोसायला सांगितले, तर पावती मागा.

तुमच्या घरी या सिनेमावरून काय बोलणे झाले, ते मला जरूर कळवा.

जय जिनेंद्र.