वनशिंग पूल

चीनच्या चच्यांग प्रांतात, वनचौ शहराच्या अंमलाखालील ताइशून या डोंगराळ तालुक्यात, श्याओत्सुन कसब्याच्या हद्दीतील एका पहाडी नदीवर 1857 साली उभारलेला छपराचा लाकडी पूल. फूच्येन प्रांताच्या सरहद्दीला भिडलेल्या या मुलखात, जेथे एका काठावरून दुसऱ्या काठावरील घर दिसते परंतु तेथे पोहोचण्यास दरी उतरून पुन्हा चढावी लागे, असे पूल केवळ रहदारीसाठी बांधले जात नसत. पांथस्थाने पावसातून सुटून घटकाभर टेकावे, गावकऱ्यांनी बैठक भरवावी आणि मध्यभागीच्या देव्हाऱ्यापुढे उदबत्ती लावावी, हेही त्यांचे प्रयोजन होते.

या पुलाखाली एकही खांब नाही. एक तीन खंडांची आणि दुसरी पाच खंडांची, अशा ओंडक्यांच्या दोन कमानी आडव्या तुळयांच्या आधारे, टोपलीच्या कामट्यांप्रमाणे, परस्परांत गुंतविलेल्या असतात, आणि सांधे खाच व कुसू यांच्या जोडणीने बसविलेले असतात. वरची कौलारू इमारत शोभेची नव्हे: तिच्या वजनाने कमानीचे सांधे दाबून धरले जातात, आणि छप्पर व बाजूंच्या फळ्या मिळून लाकडाचे पावसापासून रक्षण करतात. वरून येणारा भार अशी कमान पिढ्यानुपिढ्या सोसते. बाजूने येणाऱ्या महापुराच्या रेट्यापुढे मात्र तिचा इलाज चालत नाही.

15 सप्टेंबर 2016 रोजी, शरद-पौर्णिमेच्या चिनी सणादिवशी, मेरांती या चक्रीवादळाने आणलेल्या पुरात नेमके तसेच घडले. वनशिंग, श्वेचाय आणि आणखी एक, असे ताइशूनमधील तीन प्राचीन पूल, जे 2006 पासून राष्ट्रीय संरक्षित वास्तूंच्या दप्तरी नोंदलेले होते, एकाच दिवसात वाहून गेले. त्यानंतर जे झाले ते या नोंदीचे खरे कारण होय. पूर ओसरताच नदीकाठच्या गावकऱ्यांनी गाळातून आणि खडकांच्या फटींतून पुलांची लाकडे शोधून काढली, आणि जे सरपणाच्या ढिगात सहज गडप झाले असते ते निगुतीने परत आणून दिले. मोठ्या ओंडक्यांपैकी बहुतेक अशा रीतीने हाती लागले. सरकारी खर्च आणि तज्ज्ञांची देखरेख यांचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही, तथापि मूळचे लाकूडच नसते तर तज्ज्ञांना उत्तम प्रतिकृतीपलीकडे काही उभे करता आले नसते. परंपरागत सुतारांनी जुनी व नवी लाकडे जुळवून 2017 मध्ये तिन्ही पूल पूर्ण केले. ही विद्या तेव्हाही हयात कारागिरांच्या हाती होती, हे सुदैव. 2009 मध्ये युनेस्कोने तिचा समावेश तातडीने रक्षणीय अशा वारशाच्या यादीत केला होता.

पाहणाऱ्याने वनशिंग पुलावर चढण्यापूर्वी काठावर उतरून त्याची संपूर्ण बाजू न्याहाळावी. कमान समतोल नाही. एक अंग उंच, दुसरे सखल, असा तिचा तोल ढळलेला दिसतो. गुरू आणि शिष्य यांनी दोन काठांकडून स्वतंत्रपणे काम चालविल्याने असे झाले, असे स्थानिक लोक सांगतात. ती दंतकथा खरी मानण्याची सक्ती नाही. पुनर्बांधणीत हा दोष काढून टाकण्याची आयती संधी होती. ती घेतली गेली नाही, आणि पूल पूर्वीइतकाच वाकडा उभा आहे.