पहिली खबर येसकराला

गावात ढोर मेलं की मालकानंतर ते पहिल्यांदा कळायचं माझ्या पणज्याला. पाटील, कुलकर्णी, तालुका ही सगळी मंडळी पुढची. ओढून न्यायचं काम पणज्याचं, म्हणून आधी त्याला हाक. माण तालुक्यातल्या आमच्या गावात येसकरकी भावकीत फिरायची. ज्याच्या घरात त्या वर्षाची पाळी, त्यानं घुंगुरकाठी घेऊन वेशीत बसायचं, सरकारी टपाल दहिवडीला पोचवायचं, मयतीचा सांगावा परगावी न्यायचा, गावात कोण आलं-गेलं ते चावडीवर घालायचं आणि मेलेलं जनावर शिवाराबाहेर काढायचं. बदल्यात बलुतं, शिळी भाकरी आणि त्या जनावराचं मांस, कातडं.

ह्या जिण्याचं कौतुक करायला मी बसलेलो नाही. आजीनंही ते कधी केलं नाही. ती सांगायची ते तोंडातली मशेरी थुंकून, रागानं. पण साथींचा इतिहास वाचताना साहेब भेटतात, डॉक्टर भेटतात, कमिशनं भेटतात. ज्याच्या हाताला रोग सगळ्यात आधी लागायचा तो माणूस कुठल्याच पानावर भेटत नाही. म्हणून आजीचं ऐकलेलं लिहून ठेवतोय.

पणजा म्हणजे आजीचा सासरा. तो मेलेल्या जनावराला दोर लावण्याआधी एक फेरी मारायचा. नाकपुड्या बघायचा, जबडा उघडून जीभ नि हिरड्या बघायचा, शेपूट उचलायचा. डोळ्यांतून पाणी गळून गालावर ओघळ वाळलेत, हिरड्यांवर कोंडा चिकटावा तसे पांढुरके व्रण आहेत, मागचे पाय घाण जुलाबानं माखलेत, म्हणजे बुळकांडी. फरा सुजलाय आणि दाबला की आत चरचरतंय, म्हणजे फऱ्या. गळा सुजलाय, म्हणजे घटसर्प. आणि पोट टम्म फुगलंय, नाकातून, गुदद्वारातून काळं रक्त आलंय आणि ते गोठत नाही, म्हणजे फाशी. तिथं सुरी बाहेर काढायची नाही. “हात लावू नगा, हाय तसं पुरा,” हे त्याचं वाक्य आजी त्याच्याच आवाजात म्हणून दाखवायची. कधीतरी कुणीतरी भुकेपोटी असं ढोर फाडलं होतं. त्याच्या मनगटावर काळी पुळी आली आणि तो आठवड्यात गेला.

बुळकांडीनं मेलेलं खाऊन मात्र माणूस मरत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. पुढं मी पशुवैद्यकाचं पुस्तक चाळलं तेव्हा दोन्ही गोष्टी तिथं होत्या. बुळकांडीचा विषाणू आपल्या गोवराच्या विषाणूचा सख्खा नातलग, पण तो माणसाला लागत नाही. फाशीचे जंतू मात्र माणसालाही सोडत नाहीत. शव फाडलं की ते हवेत येतात, कवच धरतात आणि मातीत कित्येक दशकं टिकून राहतात. म्हणून शव उघडायचं नाही, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायचं. पुस्तकातला हा नियम आमच्या घरात उपासमारीनं शिकवला होता.

सरकारलाही गुरांच्या रोगाची काळजी होती. बैल मेले की नांगर थांबतो आणि नांगर थांबला की सारा थांबतो. १८७१ साली हॅलन यांच्या आयोगानं हिंदुस्थानातल्या गुरांच्या साथींवर जाडजूड अहवाल दिला. १८८९ साली पुण्यात जंतुशास्त्राची सरकारी प्रयोगशाळा निघाली. पण बुळकांडीसारखा रोग वस्तीत नि गुरांच्या मुलखात हाताळणं धोक्याचं, म्हणून १८९३ साली ती कुमाऊंच्या डोंगरात, मुक्तेश्वरला हलवली. देवदारांच्या रानात, साडेसात हजार फुटांवर. शहाणपणाचाच निर्णय. मात्र तिथल्या साहेबाला माणदेशातल्या हिरड्या दिसणार नव्हत्या. त्या दिसणारा माणूस वेशीत बसला होता, आणि त्यानं तोंड उघडलं तर काय व्हायचं त्याची एक गोष्ट आहे.

एका साली खरसुंडीच्या जत्रेतून कुणीतरी खिलारी बैलजोडी आणली. आठवड्यात एक बैल बसला, पाठोपाठ शेजारच्या गोठ्यातल्या गाई. पणज्यानं पहिलंच ढोर ओढताना ओळखलं आणि चावडीवर जाऊन सांगितलं, बुळकांडी आलीय, गुरं एका पाणवठ्यावर नेऊ नका, बाजाराला सोडू नका. आठ दिवसांत निम्मं गाव गुरांवाचून झालं. मग प्रश्न निघाला, ह्याला आधीच कसं कळलं? कातड्यासाठी ह्यानंच वैरणीत विष घातलं असणार. त्याला चावडीपुढं बांधून मारलं. असा संशय घ्यायची रीत फक्त आमच्या गावची नव्हती. मुलूखभर मेलेल्या ढोराचा आळ ते ओढणाऱ्यावर यायचा. त्यानंतर पणजा ढोराभोवतीची फेरी मारायचाच, पण चावडीची पायरी तो त्या कामासाठी चढला नाही. “त्यो बघायचा नि गप बसायचा,” आजी म्हणायची. गुरांच्या साथींची आकडेवारी कुठं वाचली की मला हे गप बसणं आठवतं. त्या आकड्यांत ते कुठं मोजलेलं असेल?

प्लेगात गोष्ट वेगळी झाली. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला डॉ. अकासियो व्हिएगस यांनी गाठीचा ताप ओळखला आणि पुढच्या काही वर्षांत तो रेल्वेनं, धान्याच्या पोत्यांतून, घाट चढून आमच्याकडं आला. उंदीर पडल्याची खबर मात्र कोणीही दिली तरी गाव ऐकायचं, कारण उंदराचा मालक कोणी नव्हता आणि त्याच्या कातड्याला भाव नव्हता. आढ्यावरून उंदीर टपकला, तोंड वर करून गरगर फिरून मेला, की डांगोरा पिटायचा आणि गाव माळावर. खोपटी घालून दोन-तीन महिने तिथंच. आजीचा जन्मच अशा खोपटातला. जन्मतारीख विचारली की ती “दुसऱ्या भाईर पडण्याच्या वक्ताला” एवढंच सांगायची.

आमची खोपटी अर्थातच वेगळी, ओढ्यापलीकडं. पण सगळ्यांना तिथं राहायला मिळायचं नाही. रिकाम्या गावात चोऱ्या होऊ नयेत म्हणून राखणीला येसकर ठेवायचे. बंद घरांच्या ओट्यांवर पणजा नि त्याचा धाकटा भाऊ रात्रभर काठी आपटत फिरायचे. “पिसवा पोटऱ्यांवर मूठमूठ चढायच्या,” हे आजीनं ऐकलेलं. धाकट्याच्या जांघेत गाठ आली आणि तो तिसऱ्या दिवशी संपला.

पॉल-लुई सिमाँ ह्या फ्रेंच डॉक्टरानं १८९८ साली कराचीत दाखवून दिलं की प्लेग उंदराकडून उंदराकडं पिसू नेते. फार जणांनी ते हसण्यावारी नेलं. १९०५ पासून प्लेग संशोधन आयोगानं मुंबईत काम सुरू केलं तेव्हा प्लेगमुळं रिकाम्या झालेल्या घरांत गिनीपिग मोकळे सोडले, मग त्यांच्या अंगावरच्या पिसवा वेचून मोजल्या. उंदीर मेले की उपाशी पिसवा जे मिळेल त्या अंगावर चढतात, हे त्यातून पक्कं झालं. हे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं. आमच्या गावानं तोच प्रयोग काही वर्षं आधी, नकळत आणि बिनखर्चात केला होता. फक्त नोंद ठेवली नव्हती.

पुण्यात सरकारनं प्लेगच्या रोग्यांचा शोध घेतला तो बंदुकीवाल्या सोजिरांकरवी. १८९७ चा साथरोग कायदा हाताशी होता. घराघरांत झडत्या, सामान रस्त्यावर, आजाऱ्याला उचलून छावणीत. लोकांनी काय केलं? आजारी लपवले. ह्या झडत्यांच्या प्रमुखाचा, रँडचा खून आपण शाळेत शिकतो. लपवलेल्या रोग्यांमुळं साथ किती पसरली ते शिकत नाही. त्याच साली मार्चमध्ये सावित्रीबाई फुले मुंढव्याच्या महारवाड्यातल्या प्लेगच्या पोराला पाठीवर घेऊन आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात गेल्या आणि १० मार्चला त्याच रोगानं गेल्या. त्या वस्तीत बातमी काढायला कोणी सोजिर लागला नाही. बाईंना लोकांनी आपणहून सांगितलं असणार, एवढं मी माझ्या पदरचं म्हणतो.

१९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेलं ढोर ओढू नका, खाऊ नका म्हणून सांगितलं. आमच्याकडं ते पोचायला आणि पचायला वेळ लागला. भावकीनं दोर टाकला तेव्हा गावानं दळण, दुकान, पाणी बंद केलं. ढोरं कुजत पडली. गाव म्हणायचं, रोगराई वाढेल. वाढली असेलही. पण रोगावर नजर ठेवण्याची किंमत एकाच वस्तीनं विष्ठेत हात घालून का मोजायची, ह्याला गावाकडं उत्तर नव्हतं. ते काम सरकारचं आहे आणि त्याला पगार असतो, हे उत्तर यायला आणखी तीसेक वर्षं लागली.

ते आमच्या घरात आलं तात्यांच्या रूपानं. माझे चुलते जनावरांच्या सरकारी दवाखान्यात परिचर म्हणून लागले. खाकी हाफपँट, बर्फाची पेटी, सायकल. देशात बुळकांडीविरुद्धची मोठी लसीकरण मोहीम १९५४ साली सुरू झाली होती. बोकडांत वाढवून सौम्य केलेल्या विषाणूची लस आधी मुक्तेश्वरलाच तयार झालेली. पुढं पेशींवर वाढवलेली लस आली. तात्यांनी पाय झाडणाऱ्या खिलाऱ्यांच्या मानेला सुया टोचणाऱ्या डॉक्टरांसाठी कितीतरी कासरे धरले. डाव्या हाताचं एक बोट त्या कामात वाकडं झालं ते कायमचं.

त्यांना खरा रस होता मोहिमेच्या शेवटच्या टप्प्यात. सगळ्या गुरांना लस दिलेली असली की रोग आहे की गेला ते कळत नाही. म्हणून नव्वदच्या दशकात टप्प्याटप्प्यानं लस थांबवली आणि गावोगाव, बाजारोबाजार, गुरांच्या वाटांवर नुसता शोध सुरू झाला. विचारून नोंद करायची. साहेब लोक विचारत, गावात रोग आहे का? सगळे म्हणत, नाही. रोग आहे म्हटलं की बाजार बंद, जत्रा बंद. तात्या जीपमधून उतरून तंबाखू मळत एखाद्या म्हाताऱ्याजवळ बसायचे आणि विचारायचे, “औंदा कातडी किती निघाली?” त्यावर मात्र लोक खरं सांगायचे. हा प्रश्न त्यांना कुठल्या प्रशिक्षणात शिकवला नव्हता.

भारतात बुळकांडी शेवटची दिसली १९९५ साली, तामिळनाडूत. २००६ साली देश ह्या रोगातून मुक्त ठरला, २०११ साली सगळं जग. देवीनंतर पृथ्वीवरून समूळ गेलेला हा दुसराच रोग आणि जनावरांचा पहिला. देवीच्या वेळी रोगी कळवणाऱ्याला बक्षीस होतं. १९७५ साली ते १००० रुपयांवर गेलं आणि गावोगावच्या भिंतींवर गेरूनं रंगवलं गेलं. चावडीवरच्या त्या मारापासून ह्या हजार रुपयांपर्यंत सरकार काहीतरी शिकलं होतं, असं तात्या म्हणत.

शिकलेलं विसरायलाही वेळ लागत नाही. १९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर पडल्याची, पिसवा माजल्याची तक्रार झाली होती. त्यानंतर माणसांना गाठी आल्या, सप्टेंबरात सुरतेत हाहाकार झाला, काही देशांची विमानं बंद झाली. आजी तेव्हा हयात होती. ट्रान्झिस्टरवर बातमी ऐकून ती एवढंच म्हणाली, “उंदीर पडला तव्हाच का न्हाई उठलं गाव?” दोडामार्गात २०१६ साली माकडताप आला तेव्हा तात्यांनी मला फोन करून विचारलं होतं, काजूच्या बागेत माकडं मेलेली आधी कुणी बघितली आणि त्यानं कुणाला सांगितलं. तो ताप पसरवणाऱ्या गोचिडांबद्दल त्यांनी काही विचारलं नाही.

२०२२ साली गुरांवर लंपीची साथ आली. माणसाला न लागणारा रोग, तरी दुधाबद्दल अफवा पिकल्या. बाजार बंद झाले. गाय दगावली तर ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार अशी भरपाई सरकारनं जाहीर केली, मेलेलं जनावर पुरायची जबाबदारी ग्रामपंचायतीवर आली आणि जेसीबी खड्डे खणू लागले. तात्यांच्या शेजाऱ्याच्या कालवडीच्या अंगावर गाठी उठल्या. त्यानं तिला मागच्या पडवीत बांधून वर ताडपत्री टाकली. कळलं तर डेअरी दूध घेणार नाही, ही भीती. बाकीच्या तीन गाई दुधाच्या होत्या. तात्यांनी रात्री कंदिलानं, म्हणजे आता मोबाइलच्या उजेडानं, ताडपत्री उचलून कालवडीभोवती एक फेरी मारली, सकाळी नातवाकडून १९६२ हा जनावरांच्या मदतीचा सरकारी नंबर लावून घेतला आणि गाडी आली. गावातल्या उरलेल्या गुरांना लस मिळाली, कालवडही जगली. शेजाऱ्याचं दूध मात्र डेअरीनं तीन आठवडे घेतलं नाही, आणि दिवाळीपर्यंत तो तात्यांशी बोलला नाही.