तसबिरीची चौकट आणि चौकटवाला



ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास आपला तळ कायम केला आणि त्या तळाचेच पुढे लष्कर नावाचे शहर झाले. दाल बाजार ही या लष्करातील धान्यकडधान्यांची पेठ. अशा पेठेतील जुन्या पेढीवर गेले म्हणजे गादीच्या वर भिंतीला लक्ष्मीची किंवा गणपतीची तसबीर सहसा दिसते. शेजारी पेढी घालणाऱ्या पूर्वजाचे छायाचित्र असते. शिंद्यांबरोबर उत्तरेत आलेल्या मराठी कुटुंबांच्या घरी रामपंचायतन, दत्त, शिवछत्रपती यांच्या तसबिरी भिंतीवर असतात. या चित्रांचा चित्रकार कोण, छापणारा कोण, याची चौकशी कधी तरी होते. त्यांना काच आणि चौकट घालणाऱ्या कारागिराची चौकशी मात्र कोणी करीत नाही. वास्तविक ते चित्र पन्नास वर्षे टिकणार की दीडशे, हे पुष्कळसे त्याच्याच हातांवर ठरलेले असते. आज त्या कारागिराच्या कामाविषयी चार शब्द सांगावयाचे आहेत.

'तसबीर' हा शब्द अरबी 'तस्वीर'चे मराठी रूप. मूळ शब्दाचा अर्थ नुसते चित्र एवढाच. पण मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे तसबीर म्हटली की काच आणि चौकट यांसह भिंतीवर टांगलेले चित्रच उभे राहते. अर्थाचे हे वळण छापील चित्रांच्या प्रसाराशी सुसंगत आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांचे सहकारी यांनी १८७८ मध्ये पुण्यास चित्रशाळा काढली आणि देवादिकांची व इतिहासपुरुषांची रंगीत शिळाछापाची चित्रे घरोघर जाऊ लागली. १८९४ मध्ये राजा रविवर्म्यांचा छापखाना मुंबईस गिरगावात सुरू झाला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती आला. राजवाड्यातील तैलचित्रासारखे दिसणारे चित्र त्यामुळे सामान्य गृहस्थाच्या ओटीवर आले. तैलचित्र उघडे टांगले तरी चालते. कागदावरच्या चित्राला काच पाहिजे. स्वस्त चित्रांच्या मागोमाग चौकटवाल्याचा धंदाही वाढला तो याच गरजेपोटी.

आज या चित्रांची दुसरी परीक्षा चालू आहे. जुने वाडे पडतात, भावाभावांत वाटण्या होतात, आणि आजोबांच्या वेळची तसबीर नव्या जागेत लावण्यासाठी चौकटवाल्याच्या दुकानी येते. काच फुटलेली, पट्टी वाळवीने पोखरलेली. मालकाचे म्हणणे एवढेच असते, की तासाभरात नवी करून द्या. येथेच कारागिराने हात आवरला पाहिजे.

पहिली गोष्ट कात्रीची. तयार चौकट बारा बाय सोळाची आणि चित्र बोटभर मोठे असले, की कडा छाटून टाकण्याची रीत आहे. पण छापखान्याचे नाव, चित्राचे नाव, क्वचित अनुक्रमांक, हे सारे त्या खालच्या कडेवरच छापलेले असते. कड गेली की ते चित्र चित्रशाळेचे की मळवलीचे हे सांगणारा साक्षीदार गेला. म्हणून नियम असा, की चित्राच्या मापाने चौकट करावी. चौकटीच्या मापाने चित्र कापू नये.

दुसरी गोष्ट खळीची. चित्र सरळ बसावे म्हणून ते पाठीमागून पूर्ण पुठ्ठ्यावर चिकटविले जाते. त्या वेळी ते छान ताठ दिसते. पुढे पावसाळ्यात कागद आणि पुठ्ठा निरनिराळ्या प्रमाणात फुगतात, उन्हाळ्यात निरनिराळ्या प्रमाणात आकसतात, आणि चित्राला फोड व सुरकुत्या येतात. कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालण्याची जुनी पद्धत आहे. मोरचुदाने किडा दूर राहतो हे खरे. पण त्यातील तांबे कागदाला हळूहळू कुजविते. चिकटपट्टीचा डिंक तर काही वर्षांत पिवळा पडून कागदात मुरतो. त्यापेक्षा गव्हाच्या सत्त्वाची साधी पातळ खळ घ्यावी, पातळ पण चिवट अशा जपानी कागदाचे दोन लहान तुकडे चित्राच्या वरच्या कडेला मागून लावावेत आणि चित्र त्यांवर लोंबते ठेवावे. त्याला हलण्यास जागा राहते, आणि पुढे कोणास ते सोडवावयाचे झाल्यास थोड्या ओलाव्याने सुटते.

छायाचित्रांच्या बाबतीत एक भेद लक्षात ठेवावा. लाला दीनदयाळ यांनी मध्य भारतातील वास्तूंची जी छायाचित्रे घेतली, ती १८८६ मध्ये लेपेल ग्रिफिन यांच्या ग्रंथात प्रसिद्ध झाली. त्या काळी छायाचित्रे अंड्याचा बलक काढून उरलेल्या पांढऱ्या भागाचा लेप दिलेल्या अतिशय पातळ कागदावर उतरवीत आणि छायाचित्रकार स्वतःच ती जाड पुठ्ठ्यावर चिकटवीत. असे छायाचित्र पुठ्ठ्यापासून सोडविण्याचा खटाटोप करू नये. तो पुठ्ठा, त्यावरील छायाचित्रकाराचे नाव, हे सर्व मिळूनच ती वस्तू पुरी होते.

तिसरी गोष्ट पुठ्ठ्याची. आपल्या घरातील एखादी जुनी तसबीर उघडून पाहा. चित्राभोवती घातलेल्या पुठ्ठ्याच्या आतल्या कडेबरोबर चित्रावर तपकिरी रेघ उमटलेली दिसेल. पाठीला फळी असेल, तर फळीच्या गाठींचेही डाग चित्रावर आलेले असतील. लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या कागदात व पुठ्ठ्यात आम्ल असते. ते शेजारच्या कागदात उतरते आणि त्याला जाळते. म्हणून चित्राला स्पर्श करणारा पुठ्ठा आम्लरहित, शक्य तर कापसाच्या धाग्यांचा असावा. तो महाग पडतो. पण चित्राच्या पुढे व मागे तेवढे दोन थर चांगले घातले, तर बाकीचे काम साध्या मालात भागते.

चौथी गोष्ट काचेची. पूर्वी खिडकीची व तसबिरीची सपाट काच बहुतांशी परदेशांतून, विशेषतः बेल्जियममधून येई. जुन्या काचेत बारीक लाटा आणि बुडबुडे दिसतात. वितळलेल्या कथलावर काच तरंगवून ती आरशासारखी सपाट करण्याची पिल्किंग्टन यांची रीत जाहीर झाली ती १९५९ मध्ये. जुनी काच शाबूत असेल, तर ती बदलण्याची घाई करू नये. तीही तसबिरीच्या वयाचा पुरावा आहे. मात्र काच चित्राला टेकू देऊ नये. टेकलेल्या काचेच्या आत दव धरते आणि चित्र काचेला चिकटून बसते. खाचेच्या आतून लाकडाची बारीक पट्टी किंवा भोवती पुठ्ठा घालून अंतर ठेवावे. देवीच्या चित्रावर कोणा आजीने जरी आणि टिकल्या लावलेल्या असतील, तर ते अंतर आणखी वाढवावे. टिकल्या काढून टाकणे हा उपाय नव्हे. आणि चित्र काचेला चिकटलेलेच आढळले, तर ओढू नये. तसेच राहू द्यावे आणि जाणकाराला दाखवावे.

पाचवी गोष्ट हवेची. ग्वाल्हेरीस मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि जुलैत भिंती ओलावतात. लाकूड लांबीत फारसे बदलत नाही, रुंदीत बदलते. त्यामुळे पावसाळ्यात ओलसर पट्टी ४५ अंशांत कापून जोडलेला कोपरा उन्हाळ्यात आतल्या बाजूने उघडा पडतो; कोरड्या दिवसांत जोडलेला पावसात बाहेरच्या बाजूने फाकतो. कारागीर सुताराला दोष देतो, गिऱ्हाईक कारागिराला. उपाय एकच : चांगली मुरलेली पट्टी आणून ती काही दिवस दुकानातच उभी ठेवावी, मग कापावी, आणि रुंद पट्टीचा कोपरा केवळ चुकांवर न सोडता सरस लावून बांधून सुकवावा.

दाल बाजारासारख्या पेठेत डाळींची भुकटी आणि धान्याचे किडे यांचीही भर असते. तेव्हा पाठ बंद करताना चहूकडून कागद चिकटवून फट राहू देऊ नये. खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावावेत, म्हणजे तसबीर भिंतीपासून सुटी राहून मागून वारा खेळतो. उदबत्ती आणि समई काचेच्या अगदी खाली नसावी. वसईकडील ख्रिस्ती घरांत येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावतात, तेथेही हेच सांगणे. ओला हार चौकटीवर चढविला की पाणी वरच्या खाचेतून आत उतरते. हारासाठी चौकटीच्या पुढे वेगळी खुंटी ठोकून द्यावी. भक्ती कमी होत नाही, चित्र मात्र वाचते.

आता शेवटची गोष्ट, आणि इतिहासाच्या दृष्टीने ती सर्वांत मोठी. तसबीर उघडल्यावर पाठीचा जुना कागद चुरगळून फेकून देऊ नये. पूर्वीचे कारागीर पाठीला वर्तमानपत्र लावीत. त्यावरील तारीख पाहिली म्हणजे ही चौकट त्याआधीची नाही हे कळते. कोठे दुकानाची चिठ्ठी असते, कोठे पेन्सिलीने लिहिलेले नाव, कोठे मोडीतील एखादी ओळ. छायाचित्रातील पागोटेवाले गृहस्थ कोण, हे सांगणारी घरातली शेवटची व्यक्ती गेली असेल, तर ती पेन्सिलीची ओळच त्यांची उरलेली ओळख. ते तुकडे पाकिटात घालून नव्या पाठीला जोडावेत, आणि शेजारी आपण केलेल्या कामाची तारीख व वापरलेल्या मालाची नोंद लिहावी.

हे सर्व करण्यास वेळ लागतो आणि वेळेचे दाम पडतात. कारागिराने गिऱ्हाइकापुढे दोन्ही दर मांडावेत : साध्या कामाचा आणि टिकाऊ कामाचा, आणि दोहोंतील फरक उघडून दाखवावा. बाजारातल्या नव्या चित्राला साधे काम पुरे. घरातल्या एकुलत्या एक छायाचित्राला ते पुरे नाही. तसबीर हाती घेताना तिची स्थिती पावतीवर लिहिली, तर पुढचा वादही टळतो.

ग्वाल्हेरच्या मराठी माणसांनी दोनशे वर्षांत जे जपले, त्यातील पुष्कळसे दफ्तरांत नाही, भिंतींवर आहे. राजवाड्यातील चित्रांना राखणदार असतात. पेढीवरच्या आणि माजघरातल्या चित्रांना चौकटवाल्याखेरीज दुसरा राखणदार नाही. आपली तसबीर त्याच्या हाती देताना कडा कापू नका आणि पाठ फेकू नका, एवढे दोन शब्द त्याला अवश्य सांगावेत. आणि त्यासाठी त्याने चार पैसे अधिक मागितले, तर ते संतोषाने द्यावेत.