मनाच्या दुखण्यावर विचारांचा उपचार
प्रौढांसाठी समुपदेशन आणि 'सीबीटी' : कोणाकडे जावे, काय विचारावे?

ठाणे, येरवडा आणि रत्नागिरी या गावांची नावे महाराष्ट्रात अनेकदा थट्टेने घेतली जातात, ती तेथील मनोरुग्णालयांमुळे. रत्नागिरीचे रुग्णालय १८८६ मधले. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याला इंग्रजांनी रत्नागिरीत आणून ठेवले तेही याच वर्षी. राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आपल्या गावात असणे ही खरे तर सोयीची गोष्ट. मात्र त्या थट्टेची एक किंमत आहे. रात्र रात्र झोप न लागणारा, कारणाशिवाय छाती धडधडणारा किंवा महिनोन्महिने कशातच मन न रमणारा माणूस 'मी काही वेडा नाही' असे म्हणून कोणाचेच दार ठोठावत नाही.

अशा माणसांची संख्या लहान नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात देशातील सुमारे १०.६ टक्के प्रौढांना पाहणीच्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. त्यांच्यापैकी बहुसंख्य लोक उपचारांपासून दूर होते. विकारानुसार हे प्रमाण ७० टक्क्यांच्या वर होते. यातील फार मोठ्या वर्गाला रुग्णालयात दाखल होण्याची गरज नसते. नैराश्य, चिंता, भीतीचे झटके, मंत्रचळ अशा तक्रारींवर बोलण्यातून होणारे उपचार उपयोगी पडतात. कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी, म्हणजेच 'सीबीटी', ही त्यातील सर्वाधिक अभ्यासली गेलेली पद्धत आहे.

कोण काय करतो?

मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक हे शब्द बोलताना सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. मानसोपचारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीनंतर या शाखेत पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो; मनोविकारांवरील औषधे लिहून देण्याचा अधिकार डॉक्टरांनाच आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हा मानसशास्त्राचा विशेष प्रशिक्षित तज्ज्ञ असतो. तो मानसिक चाचण्या घेतो आणि सीबीटीसारखे उपचार करतो, मात्र औषधे देत नाही. समुपदेशक हा प्रामुख्याने वैवाहिक तणाव, नोकरीतील ताण, शोक, निर्णयातील गोंधळ अशा प्रश्नांत मदत करतो. अनेक रुग्णांना औषध आणि संवाद या दोन्हींची गरज भासते, आणि चांगला तज्ज्ञ वेळ आल्यास रुग्णाला दुसऱ्याकडे पाठवण्यात कमीपणा मानत नाही.

दोन अमेरिकी, एक मराठी

या उपचाराचा उगम दोन अमेरिकी तज्ज्ञांच्या कामात आहे. अल्बर्ट एलिस (१९१३-२००७) यांनी १९५५ च्या सुमारास मनोविश्लेषणाची वाट सोडून विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. ती आज 'आरईबीटी' या नावाने ओळखली जाते. माणूस घटनेपेक्षा त्या घटनेविषयीच्या स्वतःच्या समजुतीने अधिक अस्वस्थ होतो, हे एपिक्टेटस या प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञाचे सूत्र एलिस यांनी उपचारात आणले. ॲरन बेक (१९२१-२०२१) हेही मूळचे मनोविश्लेषक. नैराश्याच्या रुग्णांच्या मनात स्वतःविषयी, जगाविषयी आणि भविष्याविषयी नकारी विचार आपोआप उमटत राहतात, हे त्यांच्या लक्षात आले. हे विचार पकडून तपासण्याची पद्धत त्यांनी १९६० च्या दशकात विकसित केली.

महाराष्ट्राला या विचाराची ओळख लवकर झाली, याचे श्रेय प्रामुख्याने मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांना जाते. त्यांनी एलिस यांच्याशी अनेक वर्षे पत्रव्यवहार केला, ही पद्धत मराठीतून लिहिली आणि शिकवली. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात स्थापन केलेल्या 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' या संस्थेनेही विवेकनिष्ठ उपचाराचा मोठा प्रसार केला. त्यामुळे हा उपचार केवळ इंग्रजी जाणणाऱ्यांसाठी आहे, हा समज चुकीचा ठरतो. मनातले विचार ज्या भाषेत उमटतात, त्याच भाषेत ते तपासणे सोपे जाते.

प्रत्यक्षात काय होते?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. अवकाळी पावसाने एका हापूस बागायतदाराचा मोहोर गळाला. त्याच्या मनात विचार येतो, 'सगळे संपले, आता मी घरच्यांना तोंड दाखवण्याच्या लायकीचा राहिलो नाही.' तो बागेत जाणे थांबवतो, फोन उचलत नाही, दिवसभर पडून राहतो. पडून राहिल्याने कामे साचतात आणि साचलेली कामे पाहून 'मी नालायक' हा विचार पक्का होतो. घटना, विचार, भावना आणि वर्तन यांचे हे चक्र कागदावर मांडणे ही उपचाराची पहिली पायरी.

येथे तज्ज्ञ 'चांगले विचार करा' असा उपदेश करत नाही. मोहोर गळाला हे खरे, कर्ज आहे हेही खरे. थेरपीने कर्ज फिटत नाही. मात्र 'सगळे संपले' याला पुरावा काय, यापूर्वी पीक गेले तेव्हा काय झाले, एका हंगामावरून माणसाची लायकी ठरते का, हे प्रश्न दोघे मिळून तपासतात. त्याचबरोबर वर्तनातील लहान बदल ठरतात : उद्या सकाळी अर्धा तास बागेत चक्कर, परवा बँकेत जाऊन हप्त्यांविषयी विचारणा. भीतीच्या विकारात ज्या गोष्टी टाळल्या जातात, त्यांना पायरीपायरीने सामोरे जाण्याचा सराव करून घेतला जातो. एस.टी.त बसल्यावर जीव घाबरा होणारी व्यक्ती आधी नुसते स्थानकापर्यंत जाईल, मग एका थांब्यापर्यंत, मग पुढच्या गावापर्यंत.

साधारणपणे एक भेट ४५ ते ६० मिनिटांची, आठवड्यातून एकदा असते. अनेक तक्रारींसाठी ६ ते २० भेटी लागतात. दोन भेटींच्या मधे 'गृहपाठ' असतो : विचारांची नोंदवही, ठरलेली कामे. गृहपाठ न करता केवळ भेटींना हजेरी लावली, तर फायदा मर्यादित राहतो.

मर्यादाही जाणून घ्याव्यात

प्रत्येक दुखण्यावर हा एकच उपाय नाही. भास होणे, टोकाचा संशय, अतिउत्साह आणि खोल नैराश्य यांचे आलटून पालटून येणारे झटके, जेवणखाण सुटणे अशा स्थितीत आधी मानसोपचारतज्ज्ञाला दाखवणे आवश्यक आहे. थायरॉइडचे विकार, रक्तक्षय, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांतही थकवा आणि उदासी दिसते. म्हणून साधी वैद्यकीय तपासणी टाळू नये. चालू असलेली औषधे समुपदेशन सुरू झाले म्हणून स्वतःच्या मनाने बंद करणे धोक्याचे आहे.

पाटीवर जाऊ नका

खासगी समुपदेशन घेताना वाचकांनी सर्वाधिक सावध राहावे ते पात्रतेबाबत. काही दिवसांच्या कार्यशाळेचे प्रमाणपत्र भिंतीवर लावूनही 'समुपदेशक' अशी पाटी लागू शकते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी १९९२ च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते आणि त्याचा नोंदणी क्रमांक विचारण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशकांच्या अन्य वर्गांना २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्यात स्थान मिळाले आहे.

पहिल्या भेटीत हे प्रश्न जरूर विचारावेत : आपले शिक्षण कोठे व किती झाले? सीबीटीचे प्रशिक्षण कोणाच्या देखरेखीखाली घेतले? माझ्या तक्रारीसाठी अंदाजे किती भेटी लागतील आणि शुल्क किती? सुधारणा होत आहे हे कसे ठरवायचे? नोंदी कोण पाहू शकतो? या प्रश्नांनी चिडणारा, हमखास बरे करण्याची खात्री देणारा किंवा अनेक महिन्यांचे पैसे एकदम मागणारा माणूस टाळलेला बरा.

मंडणगडपासून राजापूरपर्यंत पसरलेल्या नऊ तालुक्यांच्या या जिल्ह्यात दर आठवड्याला शहरात येणे अनेकांना परवडत नाही. कोविडच्या साथीनंतर रुळलेले ऑनलाइन समुपदेशन हा त्यावर एक मार्ग आहे. मात्र घरात दार लावून तासभर निवांत बोलता येईल अशी जागा आहे का, याचा आधी विचार करावा. लहान गावात दवाखान्याच्या पायरीवर कोणी ओळखीचे भेटेल, ही भीती खरी असते. त्या दृष्टीनेही हा पर्याय काहींना सोयीचा वाटतो.

कायदा रुग्णाच्या बाजूने

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये संमत झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार सरकारी यंत्रणेकडून मानसिक उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. आजाराची माहिती गुप्त ठेवणे उपचार करणाऱ्यांवर बंधनकारक आहे. रुग्णाच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असल्यास आणि कायद्याने सांगितलेल्या अन्य मोजक्या प्रसंगीच तिला अपवाद करता येतो. शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांनाही विमा संरक्षण द्यावे, असे हा कायदा सांगतो. मात्र दाखल न होता घेतलेल्या समुपदेशनाचा खर्च आपल्या पॉलिसीत बसतो का, हे स्वतंत्रपणे पाहून घ्यावे. खासगी शुल्क झेपत नसेल, तर शासकीय रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागाचा मार्ग खुला आहे. रत्नागिरीकरांना तर त्यासाठी गावाबाहेर जाण्याचीही गरज नाही.

चौकट : तातडीची वेळ आल्यास

जगणे नकोसे वाटत असल्याचे कोणी बोलून दाखवले, तर ते मनावर घ्यावे. 'असे विचार मनात येतात का?' असे सरळ विचारल्याने धोका वाढत नाही. उलट त्या माणसाला बोलायला वाट मिळते. त्याला एकटे सोडू नये. कीटकनाशके, औषधांचा साठा हाताशी राहू देऊ नये आणि जवळच्या रुग्णालयात न्यावे. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून ती चोवीस तास उपलब्ध असते. मराठीतूनही बोलता येते.