मृतांच्या पियुषिका ग्रंथीतून काढलेले औषध

मेंदूच्या तळाशी, कवटीच्या हाडातल्या छोट्याशा खोबणीत वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. तिचे नाव पियुषिका, म्हणजेच पिट्युटरी. वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. मुलांची उंची वाढवणारे ग्रोथ हॉर्मोन इथेच तयार होते. ते फार कमी पडले तर मूल खुजे राहते.

मधुमेहींना गायी-डुकरांचे इन्सुलिन चालत असे, मग गायीचे ग्रोथ हॉर्मोन का चालू नये? डॉक्टरांनी ते देऊन पाहिले, पण उंची वाढेना. या बाबतीत माणसाला माणसाचेच हॉर्मोन हवे असते. १९५६ मध्ये अमेरिकेत चो हाओ ली यांनी ते मानवी ग्रंथीतून वेगळे केले. १९५८ मध्ये बॉस्टनच्या डॉ. मॉरिस रॅबेन यांनी हे हॉर्मोन टोचल्यावर १७ वर्षांच्या एका मुलाची उंची वाढल्याचे प्रसिद्ध केले.

ग्रंथी मिळत त्या शवविच्छेदनाच्या वेळी. त्या ॲसिटोनमध्ये बुडवून किंवा गोठवून ठेवत. रॅबेन यांच्या पद्धतीत त्यांची पूड गरम, तीव्र ॲसिटिक आम्लात विरघळवून हॉर्मोन वेगळे करत. एका मुलाच्या वर्षभराच्या औषधाला अनेक डझन ग्रंथी लागत, त्यामुळे हजारो ग्रंथी एकत्र करूनच औषध काढले जाई. १९६३ ते १९८५ या काळात अमेरिकेच्या राष्ट्रीय कार्यक्रमातून सुमारे ७,७०० जणांना ते मिळाले. अनेकांची उंची खरोखरच वाढली.

धोका होता तो या एकत्र करण्यात. १९८५ मध्ये लक्षात आले, की लहानपणी हे औषध घेतलेले काही तरुण क्रॉयट्झफेल्ड-याकोब (सीजेडी) या मेंदूच्या असाध्य आजाराने दगावले आहेत. हा आजार प्रायॉन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनामुळे होतो. ॲसिटोन किंवा गोठवणे त्याला पुरे पडत नाही आणि लक्षणे दिसायला कधी कधी तीस वर्षेही लागतात. एखादी दूषित ग्रंथी सगळा घाणा बिघडवू शकत होती. एप्रिल १९८५ मध्ये अमेरिकेने हे औषध थांबवले. फ्रान्समध्ये तर शंभराहून अधिक रुग्ण दगावले. ऑस्ट्रेलियात वंध्यत्वासाठी याच ग्रंथीतले दुसरे हॉर्मोन घेतलेल्या चार स्त्रियांचाही बळी गेला.

यातली एक गोष्ट प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी आहे. १९७७ मध्ये अमेरिकी कार्यक्रमाने शुद्धीकरणाची एक जादा पायरी घातली. हेतू फक्त औषध अधिक शुद्ध करण्याचा होता. पण त्यानंतर त्या कार्यक्रमातून उपचार सुरू केलेल्यांत सीजेडी आढळला नाही. ज्या शत्रूची कल्पनाही नव्हती, त्याच्यापासून या काटेकोरपणाने वाचवले.

ऑक्टोबर १९८५ मध्ये जिवाणूंकडून बनवून घेतलेल्या ग्रोथ हॉर्मोनला अमेरिकेत मंजुरी मिळाली. आजची इंजेक्शने अशीच प्रयोगशाळेत बनतात, त्यांत मृतदेहातले काहीही नसते. त्यामुळे मुलाला हॉर्मोनची कमतरता असेल आणि तज्ज्ञांनी इंजेक्शन सुचवले असेल, तर सीजेडीच्या भीतीने उपचार टाळू नका. मात्र निरोगी मुलाची उंची चार बोटे वाढावी म्हणून स्वतःहून ते मागूही नका.