मसाला ते दैनिक भत्ता

मी भिलाईच्या कोहक्यातून बोलतोय. आमच्या छत्तीसगडावर १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता, म्हणून आज मराठी कारभारातले दोन शब्द सांगतो.

पहिला ‘मसाला’. सरकारी बोलावणं घेऊन प्यादा गावात आला, की त्याचा खर्च ज्याला बोलावलं त्याच्याकडूनच वसूल होई. दुसरा ‘मोहसल’. थकबाकीदाराच्या दारात शिपाई बसे आणि बाकी फिटेपर्यंत त्या घरानेच त्याला पोसायचं.

आता हा खर्च तिजोरी उचलते. जुलै २०१७ पासून केंद्राच्या कर्मचाऱ्याला दौऱ्यात जेवणासाठी वेतनस्तराप्रमाणे रोज ५०० ते १२०० रुपयांपर्यंत मंजूर झाले. भत्त्याला लोक सवलत समजतात. मला तो गावाचं संरक्षण वाटतो. भत्ता थकला, की मसाला परत सुरू होतो, फक्त त्याची पावती मिळत नाही.