नॉच जनुकाची कुळकथा

१९१० च्या दशकात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात टॉमस हंट मॉर्गन यांची प्रयोगशाळा म्हणजे दुधाच्या बाटल्या, पिकलेली केळी आणि त्यांवर पोसलेल्या फळमाश्या. त्यांतल्या काही माद्यांच्या पंखांची कड टोकाशी कुरतडल्यासारखी दिसे. जॉन डेक्स्टर यांनी १९१४ मध्ये अशा पंखांची नोंद केली आणि त्या खाचेवरून नाव पडलं ‘नॉच’.

खरं कोडं पंखात नव्हतं, पुढच्या पिढीच्या मोजदादीत होतं. अशा मादीच्या संततीत नर माद्यांच्या निम्मेच भरत आणि खाच असलेला नर सापडत नसे. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मादीकडे त्याच्या दोन प्रती. एक बिघडली तरी दुसरी तिला जगवते, पण पंखाची कड पुरी करून देत नाही. नराकडे एकच. ती बिघडली की तो अंड्यातच मरतो. पुष्कळ जनुकांचं एका चांगल्या प्रतीवर निभावतं. नॉचचं निभावत नाही.

डोनाल्ड पोल्सन यांनी असे मेलेले भ्रूण पुढे बारकाईने तपासले, तर त्वचा व्हायच्या पेशी चेतापेशी होऊन बसलेल्या. कोणी काय व्हायचं, हे पेशींचं आपसांत ठरतच नव्हतं. १९८५ मध्ये येल विद्यापीठात स्पायरोस आर्टाव्हानिस-त्साकोनास यांच्या गटाने जनुकाचा क्रम वाचला आणि कारण उमगू लागलं. नॉच हे पेशीच्या पटलात आरपार रोवलेलं प्रथिन आहे. शेजारच्या पेशीवरचं प्रथिन त्याला पकडतं, ओढ बसते, नॉच कापलं जातं आणि आतला तुकडा सुटून थेट केंद्रकात जाऊन जनुकं चालू करतो. भिंतीला भिंत लागलेल्या शेजाऱ्यालाच हा निरोप पोचतो, गल्लीपलीकडे नाही.

नॉच माणसातही आहे. माणसाच्या गर्भात हृदय अजून वळणारी नळी असतं, तेव्हा तिच्या अस्तरातल्या काही पेशी हाच निरोप मिळाल्यावर अस्तर सोडून आत शिरतात. त्यांच्यातून पुढे झडपा घडतात.

१९९७ मध्ये दोन गटांनी दाखवलं, की नॉचला निरोप देणारं ‘जॅग्ड-१’ बिघडलं की अलाजिल सिंड्रोम होतो: यकृतात पित्तनलिका कमी, फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या अरुंद. २००५ मध्ये डॅलसमध्ये विदू गर्ग आणि दीपक श्रीवास्तव यांच्या गटाने एका कुटुंबाच्या पाच पिढ्या तपासल्या. कोणाच्या महाधमनीच्या झडपेला तीनऐवजी दोनच पाकळ्या, कोणाची झडप कॅल्शियम साचून कडक झालेली. आजारी असलेल्यांत ‘नॉच-१’ या माणसातल्या नॉच जनुकाची एक प्रत बिघडलेली निघाली. दुसरी चांगली होती, पण पुरली नाही. निरोगी झडपेत नॉच हाड घडवणाऱ्या जनुकांना दाबून ठेवतं. तो दाब कमी पडला की झडपेत हाडासारखं द्रव्य साचू लागतं.

आपल्याकडे अजूनही बाळाच्या हृदयात दोष निघाला, की ‘ग्रहण पाळलं नव्हतं का’ म्हणून आईला विचारणारं कोणीतरी भेटतं. हा प्रश्न मला क्रूर वाटतो. जनुकातला बदल आईकडून येतो तसाच वडिलांकडूनही, आणि कधी दोघांकडे नसताना बाळात नव्याने होतो. ग्रहणात हातात घेतलेल्या विळी-चाकूचा त्याच्याशी संबंध नाही.

दोन पाकळ्यांची झडप शंभरातल्या एकदोघांना असते. त्यांतल्या थोड्यांच्याच मुळाशी ‘नॉच-१’ सापडतं. बाकीच्यांची कारणं अजून शोधली जात आहेत. पण दोष घराण्यात उतरू शकतो, एवढं पक्कं. म्हणून एकाला तो निघाला, की आईवडील आणि भावंडांचीही इको तपासणी करून घ्यावी, असं हृदयरोगतज्ज्ञ सुचवतात.